मोठ्याचा खिमा : परातीतला स्वस्त घ्यावा की डोळ्यांसमोर काढून?

भुसावळला आम्ही ज्या दोन-तीन दुकानांतून मोठ्याचं, म्हणजे मोठ्या जनावराचं, मटण घेतो, तिथे खिमा दोन तऱ्हेने मिळतो. एक आधीच काढून परातीत ठेवलेला. दुसरा म्हणजे आपण तुकडा दाखवायचा, चाचांनी तो साफ करायचा आणि आपल्यासमोर मशीनमधून काढून द्यायचा. मी घेत होतो तेव्हा परातीतला २४० रुपये किलो होता, समोर काढलेला २८०. आमच्या घरी जवळजवळ दर आठवड्याला खिमा होतो, त्यामुळे किलोमागे चाळीस रुपये ही काही सोडून द्यायची रक्कम नव्हती. वर्षभर मी परातीतलाच आणला. आता सहसा आणत नाही. तरी परातीतला टाकाऊच असतो असं मी म्हणणार नाही. त्याचीही जागा आहे, ती पुढे सांगतो.

आधी रंगाचं बोलू, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडे मोठ्याचं म्हणजे म्हशीचं नाहीतर हल्याचं (रेड्याचं). हे मटण मुळातच गडद असतं, आणि जनावर जितकं वयाचं तितकं आणखी काळपट. म्हशीचं दूध जसं गायीच्या दुधासारखं पिवळसर नसतं, तशी तिची चरबीही पांढरीशुभ्र असते. ही पांढरी चरबी गडद मटणात दळली गेली की खिमा छान गुलाबी दिसतो. मीही सुरुवातीला गुलाबी म्हणजे ताजा असं धरून चालत होतो. खरं तर गुलाबीपणा जितका जास्त, तितकी चरबी जास्त. चांगला खिमा गडद लाल असतो आणि त्यात पांढरे ठिपके अधूनमधून दिसतात. ढीग उकरला की आतला खिमा तपकिरी-जांभळट दिसतो, त्याला घाबरू नका. आत हवा पोचत नाही म्हणून तसं होतं, मोकळा करून ठेवला की बहुधा पुन्हा लाल होतो. वरूनच राखाडी पडलेला, बोटाला बुळबुळीत लागणारा किंवा आंबूस वास येणारा मात्र तिथेच सोडावा. तो कितीही स्वस्त असला तरी महागच.

दुसरं, तार बघावी. धारदार पात्याच्या मशीनमधून निघालेला खिमा जाड शेवेसारखा सुटा पडतो, तारा वेगळ्या मोजता येतात. पातं बोथट असलं की मटण कापलं न जाता चेंगरलं जातं, चरबी सगळीकडे फासली जाते आणि हातात लगदा येतो. असा लगदा कढईत टाकला की परतला जातच नाही. आधी पाणी सोडतो, मग त्याच पाण्यात उकडतो. आपल्या काळ्या मसाल्याला ते अजिबात मानवत नाही. मसाला खिम्याला धरण्याऐवजी वर आलेल्या चरबीत तरंगत राहतो. तर्री सगळ्यांनाच आवडते, पण ही तेलाची तर्री नाही. ताट जरा गार झालं की ही चरबी पांढरी थिजते आणि टाळूला चिकटते. हिवाळ्यात तर दादरच्या (खानदेशी ज्वारीच्या) भाकरीचा तिसरा तुकडा मोडेपर्यंतच थिजलेली दिसते.

किमतीचा हिशोब मी घरच्या काट्यावर केला. काटा साधाच आणि तीनच वेळा तोललं, तेव्हा आकडे तेवढ्याच विश्वासाने घ्या. एक किलो परातीतला खिमा पाणी आटेपर्यंत परतला आणि सुटलेली चरबी काढून टाकली, तर कढईत साधारण ६४० ग्रॅम उरला. समोर काढलेला ७७० च्या आसपास. म्हणजे पोटात जाणाऱ्या किलोला परातीतला ३७५ रुपये पडला आणि समोरचा ३६४. फरक एवढासाच आहे. दुसऱ्या दुकानात, दुसऱ्या जनावराला तो उलटाही पडू शकेल. पण चाळीस रुपये वाचतात हा जो माझा समज होता, तो काही टिकला नाही.

इतकं होऊनही मी कदाचित परातीतलाच आणत राहिलो असतो. निर्णय झाला तो एका वेगळ्याच त्रासामुळे.

आईच्या दाढा गेल्यापासून तिला मटणाच्या फोडी चावत नाहीत. आमच्याकडे खिमा जास्त होतो तो तिच्यासाठी. एके दिवशी जेवण झाल्यावर मी तिचं ताट उचललं, तर काठाला ओळीने ठेवलेल्या फिकट पिवळसर कण्या दिसल्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही त्याहून मोठ्या. मोजल्या तर अकरा. तोंडात घोळवून, न चावलेली प्रत्येक कणी तिने हळूच काढून ठेवली होती. विचारलं तर म्हणाली, "राहू दे रे, माझं झालं." अर्धी भाकरी तशीच होती.

मला वाटलं, शिजवायला कमी पडलं. पुढच्या वेळी कुकरला चार शिट्ट्या जास्त दिल्या. मटणाचं पार पिठलं झालं आणि कण्या तशाच्या तशा. त्यानंतरच्या खेपेला आधी भिजत ठेवून, दही लावून पाहिलं. तरीही आईच्या ताटाच्या काठाला ओळ होतीच.

उलगडा दुकानातच झाला. चाचा एका मोठ्या मानेवर काम करत होते. मानेच्या वरच्या बाजूने जाणारी अंगठ्याएवढी जाड, पिवळी दोरी त्यांनी सुरीने मोकळी केली आणि हाताला गुंडाळून ओढून काढली. ताणली तर रबरासारखी लांबली, सोडली तर परत आखडली. म्हणाले, "भाऊ, ही दिवसभर चुलीवर ठेवा, अशीच राहणार." जनावर दिवसभर मान खाली घालून चरतं, त्या डोक्याचा भार ही दोरी पेलते. मटणातले पांढरे पडदे आणि शिरा बहुतेक कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या असतात, त्या मंद आचेवर वेळ दिला की विरघळून रस्सा दाट करतात. नळीचा रस्सा बोटांना चिकटतो तो त्यामुळेच. ही पिवळी दोरी मात्र इलॅस्टिन या वेगळ्या प्रथिनाची. ती शिट्ट्यांनी शिजत नाही आणि दह्यानेही मऊ पडत नाही. मशीन तिचे फक्त तुकडे करतं.

परातीतल्या खिम्यात मान असते, छाटण असते, कडेचे पडदे असतात. कोणी फसवतंय असं मी म्हणत नाही. त्या दराला दोरी वेगळी काढत बसणं दुकानदाराला परवडतही नसेल. पण एकदा काढलेल्या खिम्यात ती दिसत नाही आणि निवडताही येत नाही. मटण अख्खं असतानाच ती बाहेर काढता येते. माझ्यासाठी तराजू झुकला तो इथे.

आता मी खांदा आणि मान मिळून घेतो. नुसती रान (मांडी) घेतली तर खिमा फार कोरडा, भुसभुशीत होतो. मानेला चव चांगली असते, दोरी तेवढी काढायला लावायची. वरचे जाड पडदेही काढायला सांगतो आणि मोठ्या छिद्रांच्या जाळीतून एकदाच काढून घेतो. मशीनमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाचा खिमा अडकलेला असतो, म्हणून पहिली मूठभर बाजूला काढायला सांगतो. अर्धा किलोसाठी मशीन लावायला काही जण कुरकुर करतात. किलोभर घेतला आणि गर्दीच्या आधी गेलात, तर सहसा अडचण येत नाही.

परातीतला कुठे चालतो? शामी कबाबाला. चण्याची डाळ घालून शिजवायचा, मग पुन्हा वाटायचा, त्यामुळे कण्याही बारीक होतात, आणि त्यातली जास्तीची चरबी कबाब कोरडा पडू देत नाही. समोसे, पॅटिस यांनाही माझी ना नाही. घरात सगळ्यांचे दात धड असतील आणि पंधरा माणसं जेवायला असतील, तर वाटाणे घालून केलेल्या खिम्यात कोणाला फरक कळेलच असं नाही. एक खात्री मात्र करून घ्या, परात केव्हा भरली. अख्ख्या तुकड्यावर जंतू बाहेरच्या अंगाला असतात, खिमा करताना ते आतबाहेर सगळीकडे मिसळतात, म्हणून तो तुकड्यापेक्षा फार लवकर खराब होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. त्या दिवसांत अकरानंतर उघड्या परातीतला खिमा मी कबाबालाही घेणार नाही.

मशीनपेक्षा सुरीने बारीक केलेला खिमा आणखी चांगला लागतो, हे मान्य. पण त्याला वेळ लागतो आणि हल्ली तो करून देणारे हात कमी झालेत. तसं कोणी तुमच्याजवळ असेल तर सरळ तिकडेच जा.

समोर काढलेलाही घरी येईपर्यंत पिशवीत गरम होऊ देऊ नका. मी सकाळी सातला डबा घेऊन जातो, आल्या आल्या निम्मा चुलीवर ठेवतो आणि उरलेला पिशवीत चपटा पसरून बर्फाच्या खणात. गोळा करून ठेवला तर मधला भाग गोठायला फार वेळ लागतो. नुसत्या फ्रिजमध्ये ठेवणार असाल, तर दुसऱ्या दिवशी संपवा.