दारावरची तपासणी की वेगाची मर्यादा?

जुनी वृत्तपत्रे, पत्रव्यवहार किंवा हस्तलिखिते ऑनलाइन खुली ठेवणाऱ्या संग्रहांना बॉटांचा, म्हणजे पाने आपोआप उतरवून घेणाऱ्या प्रोग्रामांचा, उपद्रव नवा नाही. कोणती पाने घेऊ नयेत हे सांगणाऱ्या रोबॉट्स डॉट टीएक्सटी या फाइलमधली विनंती मात्र अनेक बॉट आता मानत नाहीत, त्यामुळे निवड मुख्यतः दोन उपायांतून करावी लागते. पहिला उपाय म्हणजे दारावरची तपासणी : कॅप्चा किंवा ब्राउझरकडून छोटे गणित सोडवून घेणारे अनुबिससारखे साधन. दुसरा म्हणजे एका आयपी पत्त्यावरून येणाऱ्या विनंत्यांवर वेगाची मर्यादा घालणे आणि ज्यांना सगळाच संग्रह हवा आहे त्यांच्यासाठी तयार गठ्ठा, म्हणजे एकदम उतरवून घेता येईल अशी फाइल, ठेवणे. एका लहान संग्रहाची देखभाल करताना मी दोन्ही वापरून पाहिले आहेत.

तपासणीचा गुण लगेच जाणवतो. घरगुती जोडण्यांचे असंख्य पत्ते वापरून, प्रत्येकावरून दोन-चारच विनंत्या पाठवणाऱ्या बॉटांपुढे वेगाची मर्यादा हतबल ठरते. तपासणी त्यांच्यातल्या अनेकांनाही अडवते. विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये सांगितल्याप्रमाणे त्यांच्याकडे पाने पाहण्यात बॉटांचा वाटा सुमारे ३५ टक्के होता, पण सर्वांत खर्चिक वाहतुकीत तो ६५ टक्के होता, कारण बॉट क्वचित उघडली जाणारी पानेही सरसकट उपसतात आणि ती कॅशमध्ये, म्हणजे झटपट देण्यासाठी राखलेल्या तयार प्रतींत, नसतात. ऐतिहासिक संग्रहात तर जवळजवळ प्रत्येक पान क्वचितच उघडले जाणारे असते.

तरीही माझे मन तपासणीवरून उतरले ते एका गोष्टीमुळे. आयआयआयएफ या, संग्रहांतली चित्रे एकसारख्या पद्धतीने पुरवण्याच्या, मानकाचा मोठा उपयोग असा, की दोन निरनिराळ्या संस्थांमधल्या पोथ्या मिराडोरसारख्या दर्शकात (चित्रे दाखवणाऱ्या वेब-प्रोग्राममध्ये) शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. त्यासाठी तो दर्शक आपल्याकडून मॅनिफेस्ट, म्हणजे पानांची यादी, परस्पर मागवतो. तपासणी लावल्यावर त्याच्या हाती यादीऐवजी गणिताचे पान पडू लागले, आणि ते सोडवण्याची सोय त्याच्याकडे नव्हती. आमच्या वेबसाइटवर सगळे सुरळीत दिसत होते. बाहेरच्या अभ्यासकासमोर मात्र कोणताही खुलासा न होता रिकामी चौकट उभी राहत होती. असा वाचक बहुधा तक्रारही करत नाही, तो ही पोथी उपलब्ध नाही असे समजून पुढे जातो. संग्रह खुला करण्यामागचा हेतूच इथे बाधित होतो, असे मला मनापासून वाटते.

वेगाची मर्यादा निर्दोष आहे असे नाही. मोठे छायाचित्र झूम केले की त्याचे अनेक तुकडे एकदम मागवले जातात, आणि सरसकट मर्यादा असेल तर बारकाईने वाचणारा माणूसच बॉट ठरतो. एखाद्या ग्रंथालयाचे सगळे वाचक एकाच पत्त्यावरून येत असतील तर अडचण आणखी वाढते. यावर उतारा आहे : चित्रांच्या तुकड्यांसाठी सैल, तर शोध आणि गाळणीच्या (निकाल निवडून कमी करण्याच्या) पानांसाठी कडक मर्यादा ठेवावी, कारण वर्ष, भाषा, विषय यांच्या जुळण्या संपत नाहीत आणि डेटाबेसवर खरा ताण त्यांचाच येतो.

गठ्ठ्याचे महत्त्वही कमी लेखू नये. मे २०२३ मध्ये इंटरनेट आर्काइव्ह काही काळ बंद पडले, तेव्हा ६४ आभासी यंत्रांवरून सेकंदाला हजारो विनंत्या येत होत्या त्या स्वामित्वहक्कमुक्त पुस्तकांच्या ओसीआर मजकुरासाठी, म्हणजे पानांच्या चित्रांवरून यंत्राने ओळखलेल्या अक्षरांसाठी. पुष्कळांना हवा असतो तो असा मजकूर आणि मेटाडेटा (शीर्षक, वर्ष यांसारखी नोंदींची माहिती), आणि तो एका फाइलमध्ये देणे पानापानाने देण्यापेक्षा फार स्वस्त पडते.

विखुरलेल्या पत्त्यांवरून सतत मारा होत असेल, तर तपासणी टाळता येईलच असे मी म्हणणार नाही. अशा वेळी ती फक्त शोधाच्या पानांवर लावावी आणि मॅनिफेस्ट, चित्रे व मजकूर यांची वाट मोकळी ठेवावी. मर्यादा ओलांडणाऱ्याला ४२९ या, ‘फार विनंत्या झाल्या’ असे सांगणाऱ्या, संकेतासोबत किती वेळाने परत यावे हे कळवावे, आणि त्याच उत्तरात गठ्ठ्याचा दुवाही द्यावा.