कन्सोलसाठी मेश घ्यावं की लॅन केबल ओढावी?

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये फायबर जिथून आत शिरतो तिथेच राउटर लटकतो. बहुतेक घरांत ती जागा बेडरूमची खिडकी नाहीतर पॅसेजमधला माळा असते, आणि टीव्ही असतो हॉलच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये दोन भिंती आणि एखादा आरसीसीचा कॉलम. मग ऐन मॅचमध्ये खेळाडू जागच्या जागी गोठतो आणि हेडफोनमधून मित्राचा आवाज तुटक येतो. राउटर बंद-चालू करणं, कन्सोल (म्हणजे प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारखा गेमचा डबा) वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर टाकणं हे सगळं तुमचं करून झालंय, असं धरून चालतो. माझ्याकडे आधी मेश होतं, म्हणजे एकमेकांशी बोलून घरभर वाय-फाय पसरवणारी युनिटं; आता राउटरपासून कन्सोलपर्यंत ओढलेली लॅन केबल आहे.

पण पैसे काढण्याआधी एक तपासा. पीएस५ (प्लेस्टेशन ५) च्या नेटवर्क टेस्टमध्ये शेवटी ‘नॅट टाइप’ येतो, म्हणजे बाहेरच्या खेळाडूंना तुमच्या कन्सोलपर्यंत कितपत पोचता येतं ते. तो ३ असेल आणि मित्राच्या पार्टीत (ऑनलाइन गप्पांच्या गटात) शिरताच येत नसेल, तर बिघाड भिंतीत नाहीच. राउटरच्या सेटिंगच्या पानावरचा वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर नेट कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच पब्लिक आयपीच्या (इंटरनेटवर दिसणाऱ्या पत्त्याच्या) मागे बसवलंय. तिथे मेशही वाया आणि केबलही वाया. कंपनीकडे पब्लिक किंवा स्टॅटिक आयपी मागायचा, बहुधा वेगळे पैसे मोजून. आयपी बरोबर असूनही टाइप ३ येत असेल आणि मेश आधीच लावलेलं असेल, तर ते कंपनीच्या राउटरमागे दुसरा राउटर होऊन बसलेलं असू शकतं. ॲपमध्ये जाऊन त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे ते नुसतं वाय-फाय देईल, राउटरचं काम करणार नाही.

मेशची बाजू तशी भक्कम आहे. डबा उघडला, ॲप टाकलं, एक युनिट राउटरपाशी आणि एक टीव्हीखाली ठेवलं की तासाभरात काम फत्ते. ड्रिल नाही, धूळ नाही, घरमालकाची परवानगी नाही. शिवाय बेडरूममधले मोबाइल, बाबांचा टॅब, वर्क फ्रॉम होमचा लॅपटॉप, सगळ्यांचंच भलं होतं. शंभर जीबीचा गेम रात्री लावून झोपलं तर सकाळी तयार असतो. नुसतं डाउनलोड आणि एकट्याने खेळणं एवढंच असेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. वाय-फाय ६ चं (वाय-फाय ५ च्या पुढच्या पिढीचं) महागडं मेश मात्र खास कन्सोलसाठी घेत असाल तर जरा थांबा: पीएस५ ला वाय-फाय ६ आहे, एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस अजून वाय-फाय ५ वरच आहेत.

माझं गाडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. साध्या ड्युअल-बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोनच बँड असलेल्या) मेशमध्ये टीव्हीखालचं युनिट ज्या रेडिओने कन्सोलशी बोलतं, बहुधा त्याच रेडिओने पहिल्या युनिटशीही बोलतं. डेटा हवेतून दोनदा जातो, आणि संध्याकाळी अख्ख्या सोसायटीची वाय-फाय त्याच हवेत असतात. डाउनलोडला याचं काही वाटत नाही. गेमला वाटतं, कारण त्याला वेगापेक्षा वेळेवर पोचण्याशी मतलब. म्हणजे घडायचं असं, की बराच वेळ सगळं लोण्यासारखं, आणि मग अर्ध्या सेकंदाचा झटका. गोल खाल्ल्यावर टेस्ट लावावी तर वेग झकास! पीएस५ ची टेस्ट अपलोड-डाउनलोड दाखवते, पण किती पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) गळाली हे सांगत नाही. एक्सबॉक्सची टेस्ट निदान पॅकेट लॉस (ही गळती) आणि लेटन्सी (डेटा पोचायला लागणारा वेळ) तरी दाखवते. तक्रार केली की माणूस यायचा, स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट लावायचा, काटा शंभराच्या पुढे गेलेला दाखवायचा आणि तक्रार बंद करण्यासाठी ओटीपी मागायचा. झटक्यापेक्षाही मला वैताग याचा होता, की दोष दाखवताच येत नव्हता.

केबलचं तसं नसतं. ती बिघडली की सरळ बिघडते. राउटरच्या पोर्टवरचा दिवा विझतो, किंवा टेस्टमध्ये वेग नव्वद-पंचाण्णवला अडकून बसतो. तसं दिसलं की केबलमधल्या तारांच्या चारपैकी एखादी जोडी सुटलीय आणि लाइन गिगाबिटवरून १०० वर घसरलीय असं समजावं. क्लिप (केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा कनेक्टर) कापून नवी मारली की प्रश्न मिटतो. माझ्याकडे हे घडलंय आणि चहा होईपर्यंत निस्तरलंही. गेममधले झटकेही गेलेत असं मला तरी वाटतं. मोजून दाखवा म्हणाल तर आकडा नाही, पण पार्टी चॅटवर “हॅलो, ऐकू येतंय का?” म्हणायची वेळ आता क्वचित येते.

केबलचे तोटे उघड आहेत. भिंतीवर पट्टी दिसते, आणि ती घरातल्या इतरांना आपल्यापेक्षा जास्त दिसते. फायदा एकट्या कन्सोलला. जुन्या निन्टेन्डो स्विचच्या डॉकला लॅन पोर्टच नाही, त्याला यूएसबी अडॅप्टर घ्यावा लागतो; ओएलईडी मॉडेलच्या डॉकला पोर्ट आहे.

विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टरही मिळतात. मित्राकडे पाहिले. स्वयंपाकघरात मिक्सर लागला की त्याची मॅच संपायची. त्यावर अधिक बोलत नाही.

तेव्हा घर भाड्याचं असेल किंवा सगळ्या खोल्यांतलं नेट रडत असेल तर मेश घ्या, त्यात कमीपणा काही नाही. जमलं तर दोन युनिटं केबलने जोडा, म्हणजे हवेतली एक फेरी वाचते. पण प्रश्न फक्त ऑनलाइन मॅचचा असेल आणि भिंतीला भोक पाडायची मुभा असेल, तर मी केबलच ओढीन.

दुकानात ‘कॅट ६’ एवढंच मागू नका, शुद्ध तांब्याची आहे का ते विचारा; तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास त्याच नावाने विकली जाते. लांबी शंभर मीटरच्या आत असली की झालं, फ्लॅटमध्ये तो प्रश्नच येत नाही. टीव्ही युनिट पुढे ओढता यावं म्हणून दोन-तीन मीटर जास्त घ्या. आणि इलेक्ट्रिशियनला सांगा, आधी नुसती केबल भोकातून ओढ, क्लिपा नंतर मार. तयार क्लिपांची केबल आणलीत तर भोक मोठं पाडावं लागतं आणि वर प्लास्टरचा टवका उडतो तो वेगळाच.