थारच्या मागची ट्रेलर चेन : एका पावसाळ्यानंतर

आधी निकाल सांगतो. सांधा सुटला तर ट्रेलरला गाडीशी धरून ठेवणारी ही सेफ्टी चेन. ग्रेड ८० ची (उष्णतेच्या प्रक्रियेने कणखर केलेल्या पोलादाची) चेन ताकदीला एक नंबर, जोडणीही पक्की. पण ट्रेलर खाऱ्या पाण्यात उतरवत असाल तर ही घेऊ नका. आता सविस्तर.

माझी थार आणि मागे होडीचा ट्रेलर. गोव्यात शिवोली, चोपडे, कधी केरीपर्यंत फेऱ्या असतात. होडी, मोटर, ट्रेलर सगळं धरून वजन नऊशे किलोच्या आत. ट्रेलरबरोबर आलेल्या चेनला उघडे एस-हुक होते. आपल्याकडचे गतिरोधक पाहता असा हुक उडून बाहेर यायला वेळ लागत नाही. म्हणून दिवाळीनंतर ८ मिमी ग्रेड ८० च्या दोन चेन, टोकांना हॅमरलॉक (पिन ठोकून जोडायची कडी) आणि गाडीकडे २ टनांचे बो शॅकल (पिनने बंद होणारे फुगीर अंगाचे आकडे) असा सेट बसवून घेतला. या चेनची कामाची मर्यादा २ टन. म्हणजे दोन्हींतली एकटी चेनसुद्धा भरलेला ट्रेलर धरू शकते, आणि तसंच असायला हवं. कागदावर ६ मिमीचीही चालली असती (१.१२ टन), पण गंज खाईल त्याची सोय म्हणून जाडी वाढवली.

हॅमरलॉक कशाला, असं दुकानात मलाही वाटलं होतं. ८ मिमीच्या कडीत आतली जागा जेमतेम साडेदहा मिमी. २ टनांच्या शॅकलचं अंग १३ मिमी, पिन १६ मिमी. ती कडीत जाणारच नाही. जाईल असा बारीक शॅकल घेतला तर चेन २ टनांची आणि तिला धरणारा शॅकल त्याच्या निम्म्याचाही नाही. हॅमरलॉकचे दोन अर्ध असतात. एक कडीत अडकवायचा, दुसऱ्यात शॅकल, आणि मधली पिन हातोडीने ठोकायची. बसला की हलत नाही. तोटा एवढाच की लांबी बदलायची तर पिन पुन्हा ठोकून काढावी लागते, त्यामुळे माप आधीच नीट घ्यावं लागतं.

म्हापशाच्या वर्कशॉपमधला वेल्डर म्हणाला, "दोन टाके मारतां रे, खंयच वचपाची ना" (चेन वेल्ड करतो, कुठेच जायची नाही). नको म्हटलं. ग्रेड ८० ची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. वेल्डिंगची आच लागली की नेमकी तीच जागा कमजोर होते. ट्रेलरच्या दांड्यावर त्याने जाड पट्टीचे कान वेल्ड केले आणि चेन त्यांना हॅमरलॉकने जोडली. गाडीकडचे शॅकल चेसिसला बोल्ट केलेल्या टो बारच्या (ट्रेलर ओढायच्या दांडीच्या) कानांत आहेत. ट्रेलर ज्यावर अडकतो तो बॉल ज्या तुकड्यावर बसतो, त्याला चेन लावणारे पाहिलेत. तो तुकडाच सुटला तर चेन कुणाला धरणार? बंपरच्या पत्र्याबद्दल तर बोलायलाच नको.

डावीकडची चेन उजव्या कानात, उजवीकडची डाव्या. कपलर (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड) सुटला तर दांड्याचं नाक या फुलीत अडकतं, रस्त्यात रुतत नाही. फुलीमुळे ओढ तिरकी येते, म्हणून अरुंद अंगाच्या डी शॅकलपेक्षा बो शॅकल बरा. तरीही ४५ अंशांच्या ओढीला त्याची मर्यादा ७० टक्क्यांवर येते, हे धरूनच निवडा.

लांबीचा खरा घोळ फेरीबोटीवर. मैदानात स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून माप घेतलं होतं, सगळं ठीक होतं. पण रायबंदरहून चोडणला जाताना गाडीची मागची चाकं बोटीच्या रॅम्पवर आणि ट्रेलर अजून काठावर, अशा वेळी सांध्यापाशी खोलगट कोन होतो आणि फुलीचा खालचा भाग लोखंडावर खरखरत जातो. एक कडी कमी केली, आवाज थांबला, पूर्ण वळणावरही ताण नाही. चेन आखूड करायला पीळ देऊ नका. पिळलेल्या कड्यांवर जोर आडवा येतो, आणि त्या तशा ओढीसाठी घडवलेल्या नसतात.

शॅकलची पिन धक्क्यांनी सैल होते. मी केबल टाय लावत होतो, पण आमच्या उन्हात तो चार-सहा आठवड्यांत कुरकुरीत होतो. शेजारचे काका जुने तारवटी, जन्म जहाजावर गेलेला. त्यांनी स्टेनलेसची तार पिनच्या डोळ्यातून घालून शॅकलच्या अंगाला दोन वेढे दिले, टोकं पिळून आत दाबली. तेव्हापासून पिन जागची हललेली नाही. आट्यांना ग्रीस मात्र हवंच, नाहीतर खारटपणाने पिन अशी धरते की पाना वाकेल.

आणि आता गंज. खाडीतून ट्रेलर बाहेर काढल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने धुतला, तरी कडीला कडी घासते तिथला काळा रंग मार्चपर्यंत गेला. पावसात होडी शेडमध्ये होती तेवढ्यात त्या जागा तांबड्या झाल्या. व्हर्नियरने मापलं तर सगळ्यात झिजलेली कडी ७.७ मिमी. दहा टक्के झीज म्हणजे ७.२ ला चेन बाद करायची असते, तेव्हा आज धोका नाही. पण हॅमरलॉकच्या पोटातली स्प्रिंगची नळी बाहेरून दिसत नाही. एक उघडला तर आत लाल चिखल. या सेटबद्दल माझी खरी तक्रार हीच.

ही चेन झिंकच्या कुंडात बुडवून आणावी, असंही काही जण सुचवतात. त्या प्रक्रियेतल्या आम्लाने जास्त ताकदीचं पोलाद ठिसूळ होऊ शकतं, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. नवरात्रापर्यंत कारखान्यातूनच गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर देऊन) आलेली, कमी ताकदीच्या पोलादाची ग्रेड ४३ ची १० मिमी चेन घेईन. जड आहे, पण तिची मर्यादा सुमारे २४५० किलो आणि तिला पाण्याचं भय कमी. आत्ताचा सेट नवे हॅमरलॉक घालून वाळपईच्या मेव्हण्याला देणार. त्याच्या ट्रेलरवर सुपारी आणि शेणखत असतं, खाऱ्या पाण्याचा संबंध नाही.