सॉफ्टनर घ्यायचा, बॉल फिल्टर लावायचा की लिंबूसतावर भागवायचं?

गोव्यात कांदोळीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा गीझर लावला की आतून लाह्या फुटल्यासारखा तडतड आवाज यायचा, मी म्हटलं जुना आहे, असेल. मग एक दिवस पाणी तापेचना. मिस्त्रीने एलिमेंट बाहेर काढलं तर त्याच्यावर रुपयाच्या नाण्याएवढं जाड पांढरं कवच आणि टाकीच्या तळाला अंड्याच्या टरफलांसारखे तुकडे, तांब्याभर निघाले. बिल्डिंगला बोअरचं पाणी आणि एप्रिल-मेमध्ये टँकर, हे तेव्हा कळलं. आता मेहुण्याने म्हापशाला फ्लॅट घेतलाय आणि दुकानदाराने त्याला थेट सॉफ्टनरच, म्हणजे जड पाणी मऊ करणारं यंत्र, दाखवलाय, म्हणून हे सगळं एकदाच लिहून टाकतो.

आधी पाणी कुठलं ते बघा. ओपा, अस्नोडा, साळावली या प्लांटवरून येणारं नळाचं पाणी नदीचं असतं, ते सहसा जड नसतं. फक्त नळावर घर चालत असेल तर सॉफ्टनरचा विषयच सोडा. समुद्रपट्ट्यातली बोअर आणि टँकर ही मात्र वेगळी गोष्ट.

दुसरं म्हणजे डाग कसला पडतो ते बघा. नळाच्या तोंडावर पांढरं साचतं ते कॅल्शियम-मॅग्नेशियम, म्हणजे खरं जड पाणी. बादलीला तांबूस थर येतो ते लोह, आपल्या जांभ्या दगडाची देणगी. आणि पाणी मचूळ लागतं ते मीठ. तिन्हींची औषधं वेगवेगळी, आणि सॉफ्टनर फक्त पहिल्यावर चालतो. पाण्यात लोह जास्त असेल तर सॉफ्टनरची रेझिनच, म्हणजे आतले कॅल्शियम धरून ठेवणारे बारीक मणी, खराब होते, आधी लोहाचा फिल्टर लावावा लागतो. मिठाला तर त्याचा काहीच उपयोग नाही, क्लोराइड तसंच राहतं आणि गीझरची स्टीलची टाकी खात बसतं, अशा ठिकाणी आतून काचेचा लेप असलेली टाकी बरी.

टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं एकत्र मोजणारं यंत्र, घेऊन येणाऱ्या सेल्समनवर जाऊ नका. ते मीटर मीठही मोजतं, त्याच्यावरून पाणी किती जड ते कळत नाही. हार्डनेसची टेस्ट किट वेगळी मिळते. भारतीय मानकात 200 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत ठीक, दुसरा सोर्सच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. किट नसेल तर आमच्या घरची टेस्ट आहे, पातळभाजीचे वाटाणे रात्रभर भिजवून चार शिट्ट्या दिल्या तरी दाताखाली कच्चे लागले की समजायचं टँकरचं पाणी आलंय!

आता तिन्ही पर्याय. सॉफ्टनर हा एकच असा की जो कॅल्शियम खरोखर पाण्यातून काढतो, त्याच्या जागी सोडियम सोडतो, आणि रेझिन भरली की मिठाच्या पाण्याने धुवायची. गीझर, वॉशिंग मशीन, बाथरूमची काच, सगळंच सुधारतं, साबण कमी लागतो. पण जागा पाहिजे, मीठ भरत राहायला पाहिजे, आणि वरच्या मजल्यावर टाकीचं प्रेशर आधीच कमी असेल तर हा ते अजून खातो. मीठ म्हणजे आगराचं स्वस्त मिळतं म्हणून ते ओतू नका, त्यात माती आणि मॅग्नेशियम असतं, सॉफ्टनरसाठीच्या स्वच्छ गोळ्याच घ्या. आणि ते धुतलेलं खारट पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घालायचं नाही, आमचा कढीपत्ता असाच गेला.

गीझरच्या किंवा मशीनच्या पाइपला लावायचा तो फॉस्फेटच्या गोळ्यांचा छोटा फिल्टर, म्हणजेच बॉल फिल्टर, खूप स्वस्त. तो कॅल्शियम काढत नाही, फक्त चिकटू देत नाही, त्यामुळे नळाचे डाग आणि साबणाचा फेस आहे तिथेच. पाणी खूप तापवलं तर असरही कमी होतो. गोळ्या संपल्या की भरायच्या, हे लोक विसरतात आणि मग फिल्टरला शिव्या देतात. पाइपवर चिकटवायचे चुंबकवाले डबे मात्र मी घेणार नाही, त्यांचा ठोस पुरावा नाही.

तिसरा म्हणजे काहीच न लावता लिंबूसत, म्हणजे सायट्रिक अॅसिड. किटलीत चमचाभर टाकून उकळा, पांढरं सगळं सुटतं. मशीनमध्ये कपडे न घालता गरम पाण्यावर शंभर ग्रॅम टाकून एक सायकल, दोन-तीन महिन्यांतून एकदा. ब्लीचबरोबर कधीच नाही, विषारी गॅस होतो. तसंही आपण गोव्यात कपडे थंड पाण्यातच धुतो, मग मशीनच्या एलिमेंटला फारसं काही होत नाही, कपडे तेवढे राखाडी पडतात. खरा मार खातो तो गीझर, कारण पाणी जितकं तापेल तितका थर जास्त. म्हणून थर्मोस्टॅट 50-55 वर ठेवा आणि वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करून घ्या, टाकीला गंजण्यापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉडही तेव्हाच बघून घ्यायचा.

मेहुण्याला मी सांगितलं, म्हापशात नळ रोज येतोय ना, मग लिंबूसत आण आणि गीझरला बॉल फिल्टर लाव, बास. मी स्वतः सॉफ्टनर घेतला असता, पण फ्लॅट भाड्याचा, आणि मालक म्हणतो पुढच्या वर्षी बोअर बंद करून नळाचं कनेक्शन घेतो. हे तो तीन वर्षं म्हणतोय.