‘५४’ : चित्रगृहातील प्रत आणि दिग्दर्शकाची प्रत

न्यूयॉर्कच्या ‘स्टुडिओ ५४’ या डिस्को क्लबवरील मार्क ख्रिस्तोफर यांचा ‘५४’ हा चित्रपट 1998 मध्ये प्रदर्शित झाला. मात्र चाचणी खेळांनंतर त्याची मोठी काटछाट होऊन काही प्रसंग नव्याने चित्रित झाले होते. दिग्दर्शकाची मूळ मांडणी 2015 मध्ये बर्लिन महोत्सवात दाखवली गेली.

दोन्हींत न्यू जर्सीहून आलेला शेन या क्लबमध्ये नोकरीला लागतो. चित्रगृहातील प्रतीत त्याच्या आणि मालिकांतील अभिनेत्री ज्युलीच्या प्रेमाला महत्त्व आहे, त्यामुळे कथा सरळ चालते, पण गुळमुळीत होते. दिग्दर्शकाच्या प्रतीत ग्रेग व अनिता या दांपत्याकडे शेनची जी दुहेरी ओढ आहे, ती उघडपणे येते. शेन आणि ग्रेग यांचे चुंबन, जे आधी कापले गेले होते, ते परत आल्यावर ग्रेगचा राग, मत्सर आणि हळवेपणा यांना प्रथमच कारण मिळते. ज्या क्लबची ओळखच समलिंगी आणि इतर लोकांच्या मिसळण्यातून घडली, त्याच्या चित्रपटातून हेच वगळावे, हे मला अक्षम्य वाटते.

माइक मायर्स यांनी साकारलेला क्लबचा सहमालक स्टीव्ह रुबेल दोन्हींत तितकाच प्रभावी आहे. पुन्हा जोडलेल्या काही दृश्यांचे चित्र भरड दिसते. तरीही पहिल्यांदा पाहणाऱ्याने दिग्दर्शकाचीच प्रत निवडावी.