डीएस३२३१ घड्याळ मॉड्यूल: सहा महिने वापरल्यावर

आमच्या दूध संकलन केंद्रावर बल्क कूलरचं (दूध गार ठेवणाऱ्या टाकीचं) तापमान नोंदवायला मी रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर बसवलाय. एका रात्री ११ला लाइट गेली, जनरेटरही चालू झाला नाही. लाइट आली सकाळी ७.४०ला. ८ वाजता दादांनी फोनवर बघितलं तर पाय ९ तास ४३ मिनिटं चालू असल्याचं दिसलं! "अरे, लाइट येऊन वीस मिनिटं झाली, हे नऊ तास कुठून आले?"

त्याहून वाईट पुढे होतं. रात्री १०.१९ची नोंद दोनदा पडली होती. एकीत दूध ४ अंश, दुसरीत ७. दुसरी बघून कुणीही म्हणेल, लाइट जायच्या आधीच दूध तापलं, रात्रपाळीच्या पोराने लक्ष दिलं नाही. त्याचा काडीचाही दोष नव्हता.

पाय ४मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. माझ्याकडच्या सिस्टिममध्ये तो दर तासाच्या १७व्या मिनिटाला वेळ फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि चालू होताना तीच धरतो. सकाळी ७.४०ला त्याच्या लेखी रात्रीचे १०.१७ वाजले होते, म्हणून ७.४२ची नोंद १०.१९ची म्हणून पडली. पाय किती वेळ चालू आहे ते काढणाऱ्या माझ्या स्क्रिप्टने (छोट्या प्रोग्रॅमने) तीच सुरुवात मानली. मग राउटर चालू झाला, नेटवरून खरी वेळ आली, घड्याळाने उडी मारली आणि वजाबाकी फसली. 'अपटाइम' कमांड मात्र बरोबर वीस मिनिटं सांगत होती, कारण कर्नल (सिस्टिमचा गाभा) तो आकडा घड्याळ न बघता वेगळा मोजतो. स्क्रिप्ट सुधारली, पण नोंदींच्या वेळेसाठी लाइट गेली तरी बॅटरीवर चालणारं हे मॉड्यूल घ्यावंच लागलं.

चार वायरी, कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ, फाइलमधून वेळ धरणारं ते खोटं घड्याळ काढून टाकलं, झालं. शून्य ते चाळीस अंशांत वर्षाला मिनिटभरच चुकतं, कारण चिप तापमान बघून स्वतःला सावरते. पत्र्याच्या शेडमध्ये मला हेच हवं होतं.

एक गोष्ट मात्र नीट बघा. या मॉड्यूलच्या स्वस्तातल्या निळ्या बोर्डावर बॅटरी चार्ज करायचं सर्किट असतं. ५ व्होल्ट दिले तर चार्ज न होणाऱ्या सीआर२०३२ सेललाही करंट जातो, सेल फुगू शकतो. मी ३.३ व्होल्टलाच जोडलंय, शिवाय त्या चार्जिंग सर्किटमधला डायोड काढलाय.

पाय ५ असेल तर हे घेऊ नका. त्यात घड्याळ आहेच, फक्त बॅटरी जोडायची.