पुशकार्ट, १४ महिन्यांनी: ब्रेक, बाबा आणि बे एरियातले चालत खेळायचे गोल्फ कोर्स

हा रिव्ह्यू मी सहा महिन्यांपूर्वी लिहायला घेतला होता, तेव्हा हेडिंग होतं "घेऊ नका". ते का बदललं ते खाली येईलच. तीन चाकी पुशकार्ट आहे, म्हणजे गोल्फची बॅग ठेवून ढकलत न्यायची गाडी, फोल्ड होते, कप होल्डर, छत्रीची दांडी, बाकी सगळ्यांच्या कार्टला असतं ते सगळं हिलाही आहे, स्पेसिफिकेशन कुठेही वाचा, मला त्यात रस नाही. मला रस आहे ब्रेकमध्ये. चौदा महिन्यांतले निदान आठ महिने मी या ब्रेकचाच विचार करत होतो, बायको साक्षीला आहे.

आधी घेतली का ते. मी मूळचा नाशिकचा, आता सनीवेलला, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात. म्हणजे गोल्फ क्लबशी संबंध लहानपणापासूनचा, फक्त आमच्या गोल्फ क्लब मैदानावर लोक सकाळी फेऱ्या मारतात, रणजीच्या मॅच होतात, सभा होतात, गोल्फ खेळताना मी तरी कुणाला बघितलं नाही. इथे ऑफिसातल्या लोकांनी ओढलं आणि दोन महिन्यांत कळलं की खेळापेक्षा आजूबाजूचाच खर्च जास्त. त्यात ती बसून फिरायची बॅटरीवाली कार्ट, माणशी पंचवीस-तीस डॉलर, दर शनिवारी. मी हिशेब केला, अडीचशेची पुशकार्ट दहा राउंडमध्ये वसूल. बायकोला दाखवला तर म्हणते, मग बॅग खांद्यावर घेतलीस तर पहिल्या राउंडपासूनच वसूल ना? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पाठ दुखते म्हणालो.

पहिले चार महिने कार्टबद्दल एक तक्रार नाही. तेव्हा खेळत होतो जवळपासच, मुख्यतः माउंटन व्ह्यूचं शोअरलाइन, खाडीच्या काठाला. या अख्ख्या भागाखाली कचरा डेपो आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोचा कचरा इथे आणून टाकायचे. शेजारचं अँफिथिएटर १९८६ ला सुरू झालं तेव्हा लॉनवर कुणी लायटर पेटवला की जमिनीतून येणारा मिथेन भक्कन पेटायचा. आता तसलं काही नाही, आता बदकं. म्हणजे गीझ, पण आमच्या घरी बदकंच म्हणतात. खाडीकाठच्या कुठल्याही कोर्सवर ही मंडळी असतात आणि चाकांना काय लागतं ते सांगायला नको, डिकीत जुनी चादर अंथरून ठेवा.

अलामेडाचं कोरिका पार्क, साउथ कोर्स, पुशकार्टवाल्यांसाठी मी एक नंबर देईन. २०१८ ला कोर्स डिझायनर रीस जोन्सने नवा करून उघडला, मेलबर्नच्या वाळूवरच्या कोर्ससारखा, पूर्ण फेअरवेखाली (मधली कापलेली हिरवळ) वाळूचा थर घातलाय. हे वाचायला कंटाळवाणं वाटेल पण जानेवारीत कळतं. इथला पाऊस हिवाळ्यात, त्यामुळे डिसेंबर ते मार्च बाकी ठिकाणी चिखल, पुढचं चाक रुततं, बॉल जिथे पडला तिथेच खड्ड्यात बसतो, आणि इथे दोन दिवस पाऊस पडून गेल्यावरही बॉल पळतो. सगळं सपाट. शेजारीच ओकलंडचं विमानतळ, पटिंग करताना, म्हणजे बॉल हळूच भोकात ढकलताना, डोक्यावरून विमान गेलं की चुकलेल्या पटला कारण मिळतं, हाही एक फायदाच.

मग हार्डिंग पार्क. सॅन फ्रान्सिस्को महापालिकेचा आहे, कुणीही बुक करून खेळू शकतं, आणि तिथेच २०२० ची पीजीए चॅम्पियनशिप, गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक, झाली. कोविडमुळे प्रेक्षक शून्य, आणि कॉलिन मोरिकावाने शेवटच्या दिवशी सोळाव्या होलवर, पार फोर म्हणजे चार फटक्यांत संपवायचा, टीवरून (सुरुवातीची जागा) एका फटक्यात बॉल ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, नेऊन ईगल केला, दोन फटके कमी. मी त्याच होलवर सहा घेतले. हार्डिंगचं नाव राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंगवरून, तो १९२३ ला सॅन फ्रान्सिस्कोतच वारला आणि कोर्स उघडला १९२५ ला. पण मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती १९९८ ची, शेजारच्या ऑलिंपिक क्लबवर गोल्फची यूएस ओपन होती तेव्हा हार्डिंगच्या फेअरवेवर लोकांच्या गाड्या पार्क केल्या होत्या. इतकी दैना झालेली. मग कोट्यवधी डॉलर घालून २००३ ला परत उघडला, आणि दोन वर्षांत तिथे टायगर वूड्स जॉन डॅलीला प्लेऑफमध्ये हरवत होता. लेक मर्सेडच्या कडेने चालताना सायप्रसची झाडं, चढ-उतार सौम्य, कार्ट एका हाताने ढकलली जाते. दर मात्र शहरात राहणाऱ्यांना एक आणि आपल्याला दुसरा, आणि तो दुसरा ऐकून मी फोन खिशात परत ठेवला होता. माझा एक मित्र डेली सिटीत राहतो, कोर्सपासून गाडीने पाच मिनिटं, पण हद्द बदलली म्हणून तोही बाहेरचा. वर्षातून एकदा जातो आम्ही, दिवाळीचा खर्च समजून.

इथून पुढे ब्रेक.

झालं असं की मधे गाडी बदलली. आधी मोठी एसयूव्ही होती, कार्ट तशीच्या तशी आत. मग कोरोला घेतली आणि कार्ट डिकीत बसेना, मागची दोन चाकं काढून ठेवायला लागलो. बटण दाबलं की चाक निघतं, अर्ध्या मिनिटाचं काम, हे फीचर मला तेव्हा फार आवडलं होतं, तसं एका मित्राला मेसेजपण केला होता. हे लक्षात ठेवा.

प्रेसिडिओला गेलो. हा कोर्स १८९५ पासूनचा, शंभर वर्षं सैन्याच्या ताब्यात, १९९५ ला लोकांसाठी खुला झाला. निलगिरी आणि सायप्रसची उंच झाडं, आणि चढ. चढ म्हणजे चढ, आपल्या पांडवलेण्याच्या पायऱ्या आठवल्या. तर एका होलवर मी ब्रेक लावून कार्ट उभी केली, टिक असा आवाजपण आला, क्लब (म्हणजे काठी) काढला, बॉलपाशी गेलो, स्टान्स घेतला, आणि बाजूचा माणूस ओरडला. कार्ट निघाली होती. आधी हळू, मग चांगली जोरात, सरळ झाडांत. अंतर मोजायचा रेंजफाइंडर कप होल्डरमध्ये होता तो फुटला, दीडशे डॉलर. माझे तीन पार्टनर हसले नाहीत, फक्त एकाने विचारलं, ब्रेक लावला होतास का? या प्रश्नाइतका राग मला त्या कार्टचाही आला नव्हता.

दुसऱ्यांदा लिंकन पार्कला. हा कोर्स पैसे कमी आणि नजारा फुकट या हिशेबात बसतो, पार ६८, लांबी कमी, सतराव्या होलला, तो पार थ्री आहे, समोर गोल्डन गेट ब्रिज दिसतो. धुकं नसेल तर. जुलैत गेलात तर नुसती पांढरी भिंत, वर जाकीट घालूनही कुडकुडाल, इथला उन्हाळा हा एक जोकच आहे, सप्टेंबर-ऑक्टोबर धरा. आणि हे सगळं आधी स्मशान होतं. खरंच. शहराची दफनभूमी होती, हजारो लोक इथे पुरलेले, जुन्या चिनी दफनभूमीचा एक दगडी भाग अजून कोर्सच्या मधेच उभा आहे, आणि वरच्या लीजन ऑफ ऑनर म्युझियमचं काम नव्वदच्या दशकात काढलं तेव्हा खाली शेकडो सांगाडे सापडले. त्यामुळे मी तिथे बॉल हरवला की फार शोधत नाही.

तर सतराव्याला सगळे ब्रिजचा फोटो काढतात, मीपण काढत होतो, फोटोत ब्रिज आहे आणि कोपऱ्यात उतारावरून खाली जाणारी माझी बॅग आहे. आमच्याबरोबर एक कोरियन आजोबा होते, सत्तरी पार, स्वतःची बॅग खांद्यावर. ते धावले. माझ्या आधी. त्यांनी पकडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग कंपनीशी पत्रव्यवहार. नाव घेत नाही, कळेल का ते पुढे. आधी म्हणाले फोटो पाठवा, पाठवला. बिल पाठवा, पाठवलं. ब्रेक लागत नसल्याचा व्हिडिओ पाठवा. आता गंमत अशी की घरी, बिल्डिंगच्या पार्किंगच्या उतारावर, ब्रेक लागायचा. मी तीन व्हिडिओ काढले, तिन्हीत कार्ट शहाण्या बाळासारखी उभी. कोर्सवर पाचापैकी दोन-तीन वेळा पळायची. मी त्यांना लिहिलं की कधी लागतो कधी नाही, त्यांनी उत्तर दिलं वापराने होणारी झीज वॉरंटीत येत नाही. झीज? दोन चाकं आणि एक स्प्रिंग, झिजतंय काय त्यात? नऊ ईमेल झाले. नवव्यात मी जे लिहिलं ते बायकोने पाठवू दिलं नाही. याच आठवड्यात मी "घेऊ नका" लिहायला बसलो होतो. तोपर्यंत कार्टच्या प्रत्येक थांब्याला चाकाखाली दगड लावायचो, खिशात दोन दगड ठेवून गोल्फ खेळणारा बे एरियातला मी एकटाच असेन.

मे महिन्यात आई-बाबा आले. बाबा ओझरच्या एचएएलमधून फिटर म्हणून रिटायर. एका शनिवारी त्यांना शार्प पार्कला घेऊन गेलो, काउंटरवर विचारलं, नुसते चालणार असतील तर येऊ देत म्हणाले. शार्प पार्क पॅसिफिका नावाच्या गावात, समुद्राला लागून, १९३२ चा, आणि बनवला अलिस्टर मॅकेन्झीने, म्हणजे ऑगस्टा नॅशनल, सायप्रस पॉइंट असल्या नामांकित कोर्सवाला. हा मूळचा डॉक्टर, बोअर युद्धात सैन्याबरोबर होता, तिथे लपण्याच्या युक्त्या बघितल्या आणि पुढे त्याच युक्त्या कोर्समध्ये वापरल्या, लांबून बंकर (वाळूचा खड्डा) ग्रीनला चिकटलेला वाटतो, जवळ गेलं की मधे वीस यार्ड मोकळे. अशा माणसाचा कोर्स शंभर डॉलरच्या आत, वर्षभर, कुणालाही. इथे लाल पायांचे बेडूक आणि एक दुर्मिळ साप राहतो म्हणून पर्यावरणवाल्यांनी कोर्स बंद करायला कोर्टात केस टाकली होती. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, बरोबर आहे, साप आधीपासून राहत असणार.

पण हे नंतर. आधी पार्किंगमध्ये मी डिकीतून चाकं काढून लावत होतो आणि बाबा हात मागे बांधून बघत होते.

"कुठलं चाक कुठे ते बघून लावतोस का?"

"दोन्ही सारखीच आहेत, बाबा."

"सारखी असती तर एकाला आतून दाते कशाला दिले असते?"

मी चाक उलटं करून बघितलं. एकाला आत दाते, दुसऱ्याला गुळगुळीत. ब्रेकची खीळ फक्त उजव्या बाजूला, ती त्या दात्यांत अडकते. दातेवालं चाक डावीकडे गेलं की खीळ हवेत, टिक आवाज येतो आणि कार्ट मोकळी. घरी व्हिडिओसाठी चाकं एकदाच लावली होती, ती नेमकी नीट लागली आणि तशीच राहिली, म्हणून व्हिडिओत ब्रेक लागायचा. आठ महिने. दीडशेचा रेंजफाइंडर, नऊ ईमेल, त्या आजोबांची धाव. दातेवाल्या चाकावर आतल्या बाजूला, काळ्यावर काळ्यात, तांदळाच्या दाण्याएवढं "आर" कोरलेलं आहे, मी नंतर टॉर्च लावून बघितलं. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. घरी आल्यावर सुनेकडून लाल नेलपॉलिश मागून त्यांनी उजव्या चाकावर आणि उजव्या दांड्यावर एकेक ठिपका दिला. त्या दिवसापासून कार्ट एकदाही पळालेली नाही.

तेव्हा सुधारित मत: कार्ट चांगली आहे. ब्रेक उत्तम आहे, प्रेसिडिओच्या चढावर परत जाऊन मुद्दाम तपासला, ढिम्म हलली नाही. बेअरिंग आवाज करत नाहीत, हँडलचा फोम एका बाजूने सुटतोय, टेप लावली. ज्यांच्याकडे मोठी गाडी आहे त्यांना चाकं काढावीच लागणार नाहीत, त्यांनी डोळे मिटून घ्या.

बाबांना दोन ठिकाणी अजून नेलं. गोल्डन गेट पार्कातला नऊ होलचा पार थ्री, नव्याने करून २०२४ ला उघडलाय, तिथे कार्ट नेऊच नका, चार-पाच क्लब हातात घ्या, दीड तासात घरी. बायकोचा मुद्दा तिथे सिद्ध होतो, हे मी तिला सांगितलेलं नाही. आणि सांताक्रुझचं पासातिएम्पो, तेही मॅकेन्झीचंच, १९२९ ला उघडलं तेव्हा त्या काळचा महान गोल्फर बॉबी जोन्स खेळला होता, मॅकेन्झीचं स्वतःचं घर सहाव्या फेअरवेच्या कडेला आहे. मी तिथे वाढदिवसाला एकदाच खेळलोय, खोल घळीवरून मारायला लागतं, चालायला दमवणारं, आणि आयुष्यातला सगळ्यात सुंदर राउंड. बाबांबरोबर मात्र आम्ही नुसतं बाहेरून बघितलं, कारण त्यांनी दर विचारला आणि मी तीनशेच्या वर म्हणालो. ते थोडा वेळ रुपयांत मोजत उभे राहिले. मग म्हणाले, चल, मिसळ कर घरी जाऊन.

परवा कंपनीचा मेल आला, तुमची तक्रार बंद करतोय, पाचपैकी किती स्टार द्याल. तीन दिले. दोन कापले ते त्या "आर"च्या साइजसाठी.